ग्रहाचे फिरणे बदलणेबाबत

शहागड ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेलं आहे. हे विधान गावाच्या विकासाबद्दल नाही, भूगोलाबद्दल आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा विषुववृत्तावरचा माणूस ताशी १,६७० किलोमीटरच्या आसपास पळत असतो, ध्रुवावरचा जागच्या जागी गिरकी घेत असतो, आणि एकोणीस अंशांच्या थोडं वर, गोदावरीच्या डाव्या काठावर, हा आकडा १,५८० भरतो. शेजारच्या सोलापूर–धुळे महामार्गावर वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. पण गावाला अजून कुणी चलान फाडलेलं नाही, कारण चलान फाडणाराही त्याच वेगाने पळतोय.

या हिशेबातून काही नाजूक गोष्टी बाहेर पडतात. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. गेवराई शहागडच्या दक्षिणेला, म्हणजे विषुववृत्ताला तेवढी जवळ, म्हणून गेवराईकर शहागडकरांपेक्षा ताशी जवळजवळ एक किलोमीटर जास्त वेगाने फिरतात. हे त्यांना सांगू नये, लगेच बॅनर लागेल. उलट अंबड उत्तरेला. तालुक्याचं ठिकाण आपल्यापेक्षा ताशी दोन किलोमीटरहून जास्त हळू आणि जिल्ह्याचं ठिकाण साडेचारहून जास्त हळू. शहागडातून निघालेला अर्ज अंबडला मंदावतो आणि जालन्याला आणखी मंदावतो, त्याची कारणं लोक उगाच माणसांत शोधतात. दिल्ली तर आपल्यापेक्षा शंभरावर किलोमीटरने मागे आहे. मुंबई मात्र दक्षिणेला, आपल्यापेक्षा पावणेतीन किलोमीटरने वेगवान. तिथे पोचलेली फाईल खरं तर पळायला हवी. या एका ठिकाणी भौतिकशास्त्र हात टेकतं.

तर मुद्दा असा की हा वेग बदलता येतो का, आणि बदलला तर पुढे नकाशांचं काय करायचं. प्रश्न माझा नाही. जगात काही विद्वान असे आहेत की ज्यांना एक पृथ्वी पुरत नाही. त्यांना शेजारचे ग्रह वहितीखाली आणायचे आहेत. मंगळाची अडचण फिरण्याची नाही. त्याचा दिवस चोवीस तास एकोणचाळीस मिनिटांचा, म्हणजे उशिरा उठणाऱ्यांना उलट सोयीचा. घोळ शुक्राचा आहे. पृष्ठभागावर ४६५ अंश सेल्सिअस, हवेचा दाब आपल्या नव्वदपट, ढग गंधकाम्लाचे. शुक्राचा सातबारा काढला तर सगळं क्षेत्र पोटखराबात जाईल. त्यात हा ग्रह उलटा फिरतो, आणि फिरतो म्हणजे काय, एका गिरकीला २४३ दिवस लावतो. सूर्याभोवतीची फेरी मात्र २२५ दिवसांत उरकतो. दोन्हींचा मेळ घातला की तिथला एक दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत, आपल्या ११७ दिवसांचा होतो. आणि सूर्य उगवतो पश्चिमेला. पूर्वाभिमुख घराचे ज्यांनी जादा पैसे मोजलेत त्यांनी तिकडे जाताना विचार करावा.

पॉल बर्च नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ होते. १९९३ मध्ये त्यांनी ग्रह कसा फिरवावा या विषयावर रीतसर शास्त्रीय निबंध लिहिला, आकडेमोडीसकट. ढोबळ कल्पना अशी की ग्रहाभोवती प्रचंड वेगाने वस्तुमानाचे झोत सोडायचे आणि त्यांचा रेटा ग्रहाला द्यायचा. रेटा किती लागेल? शुक्राला चोवीस तासांत एक गिरकी घ्यायला लावायची तर सूर्य दाही दिशांना जी सगळी ऊर्जा उधळतो ती जवळजवळ सात मिनिटं एक थेंबही न सांडता गोळा करावी लागेल. सात मिनिटं ऐकायला बरी वाटतात. पृथ्वीच्या वाट्याला येणाऱ्या उन्हाच्या हिशेबात मांडलं तर हेच काम अठ्ठावीस हजारांहून जास्त वर्षांचं होतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत हे बसणार नाही.

पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर हा विषय मी भीत भीतच काढला. तिथे विषयांची वानवा नसते. कापसाचा भाव, मोसंबीची गळ, थ्री फेज या आठवड्यात दिवसा की रात्री, एवढ्यावर सकाळ निघते. पण ग्रह फिरवायचा म्हटल्यावर मंडळींनी बशा खाली ठेवल्या.

“कामून पन?” एका म्हातारबांनी विचारलं. “चांगला चाललाय ना तेचा तेचा?”

मी म्हटलं, “बाबा, तिथं एक दिवस आपल्या एकशेसतरा दिवसांचा आहे. माणसाला कसं जमायचं?”

म्हातारबांनी जरा विचार केला. “रोजगार हमीवर हजेरी कशी लावतेत तिकडं?”

हा प्रश्न बर्चसाहेबांच्या निबंधात नसणार. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला तेव्हा ‘दिवस’ म्हणजे काय याची व्याख्या करावी लागेल असं कुणाच्या मनात आलं नसेल. शुक्रावर उजाडल्यापासून मावळेपर्यंत अठ्ठावन्न दिवस जातात. एवढं खणून झालं की मजुराच्या नावावर एक हजेरी. हे कळलं तर इथले निम्मे ठेकेदार उद्याच यानात बसतील. आठवडी बाजार सव्वादोन वर्षांनी भरेल, तोवर मेथीची जुडी काय होईल ते विचारू नका. एका वर्षात दोन दिवससुद्धा पुरते बसत नाहीत, त्यामुळे पाडवा ते होळी सगळे सण एकाच उन्हात उरकायचे. पंचांगकर्त्यांची बाजू मला सगळ्यात अवघड दिसते. तिथी बदलायला तिथे चंद्रच नाही.

फायदा फक्त मोसंबीवाल्यांना दिसला. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी अवकाळी येऊन सगळं मुसळ केरात जातं. अठ्ठावन्न दिवसांची काळीकुट्ट रात्र आयती मिळत असेल तर ताण आपोआप बसेल, असं एका बागायतदाराचं मत पडलं. तापमानाचं सांगितल्यावर तो म्हणाला, “मे महिन्यात इथं काय हिमालय असतो का?”

आणि गंमत अशी की शुक्राला फिरवायची गरजच नाही असं म्हणणारेही शास्त्रज्ञ आहेत. नासाच्या मायकेल वे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये संगणकावर जुन्या शुक्राचं हवामान चालवून पाहिलं. ग्रह सावकाश फिरत असेल आणि त्यावर पाणी असेल तर उन्हाच्या बाजूला ढगांची जाड छत्री धरली जाते, ती ऊन परतवते आणि खाली बऱ्यापैकी गारवा राहतो. फार पूर्वी शुक्रावर असंच असावं, असा त्यांचा होरा. मराठवाड्याच्या माणसाला यात नवल काही नाही. ढग येतात, छत्री धरतात, ऊन अडवतात आणि निघून जातात, हा प्रयोग आपल्याकडे दर ऑगस्टला होतो. त्या ढगांनी खाली काही टाकावं म्हणून २०१५ आणि २०१९ मध्ये विमानं उडवून कृत्रिम पावसाची फवारणीसुद्धा झाली. तेव्हा ग्रहाचं हवामान बदलण्याच्या बाबतीत आपण अगदीच अननुभवी नाही.

फिरण्याच्या बाबतीत तर नाहीच नाही. इथे मी मंडळींना ती बातमी दिली जी मला महिनाभर पोटात ठेवणं जड गेलं होतं. पृथ्वीचा वेग बदलण्याचं काम शहागडच्या वरच्या अंगाला, पैठणला, कधीच झालेलं आहे. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी त्या कामाचा पाया घातला आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दोघांच्याही मनात वेगळाच हेतू होता.

फुगडी घालताना मुली हात आखडून जवळ आल्या की गिरकी वाढते, मागे रेलून लांब झाल्या की मंदावते. पृथ्वीचंही तसंच आहे. तिचं वस्तुमान आसापासून लांब नेलं की ती हळू होते. समुद्राचं पाणी सगळीकडे पसरलेलं, पार ध्रुवांपर्यंत. त्यातलं काही उचलून विषुववृत्ताच्या जवळपास, म्हणजे आसापासून लांब, साठवून ठेवलं की फुगडी मंदावलीच. धरण म्हणजे दुसरं काय? पाऊस समुद्रातून येतो, नदीतून समुद्रात जायला निघतो, आणि आपण मधेच सत्तावीस दरवाजे लावून त्याला बस म्हणतो.

याचा हिशेब करणारे लोक आहेत. नासातल्या बेंजामिन फॉंग चाओ यांनी १९९५ मध्ये जगातल्या ८८ मोठ्या जलाशयांचा ताळेबंद मांडला. निष्कर्ष असा आला की सगळी धरणं मिळून पृथ्वीला किंचित जास्त वेगाने फिरवत आहेत, कारण मोठी धरणं बहुतेक करून उत्तरेच्या थंड देशांत, आसाच्या जवळ, बांधलेली आहेत. पुढे चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाबद्दल चाओ आणि रिचर्ड ग्रॉस यांनी सांगितलं की ते पूर्ण भरलं, म्हणजे जवळजवळ चाळीस घन किलोमीटर पाणी साठलं, की दिवस ०.०६ मायक्रोसेकंदाने लांबेल आणि ध्रुव दोन सेंटीमीटर सरकेल. हे वाक्य इंटरनेटवर इतक्या वेळा फिरलं आहे की त्यानेच पृथ्वी मंदावली असेल.

आता पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. पूर्ण भरला की १०२ टीएमसी, म्हणजे २.९ घन किलोमीटर. चिनी धरणाच्या तेराव्या हिश्श्याहून थोडं कमीच. पण चीनचं धरण जवळजवळ एकतीस अंशांवर आणि आपलं साडेएकोणीसवर, विषुववृत्ताला कितीतरी जवळ. तोच हिशेब, तीच सूत्रं घेऊन पैठणला लावली तर दिवस साधारण ०.०२ मायक्रोसेकंदाने लांबतो. तेरावा हिस्सा पाणी आणि तिसरा हिस्सा परिणाम! एवढी कार्यक्षमता पाटबंधाऱ्याच्या दुसऱ्या कुठल्या आकड्यात सापडली तर मला कळवा.

०.०२ मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा पाच कोटीवा भाग. पंचांगातलं बारीक माप विपळ, त्याचा दोन कोटीवा. धरण शंभर दिवस भरलेलं राहिलं तर या साचलेल्या उशिरामुळे शहागड आपल्या ठरलेल्या जागी जेमतेम एक मिलिमीटर मागे राहतं. एसटीच्या मानाने हे काहीच नाही.

पण टपरीवर जो परिणाम व्हायचा तो झाला. “म्हंजे धरन भरलं की दिवस मोठा व्हतो?” एकाने विचारलं. “मंग रातपाळीचं पानी द्यायचा तेवढाच तरास कमी.” दुसरा म्हणाला, “दिवस मोठा झाला तर थ्री फेज वाढवून देतेत का ते इचारा आधी.” नाथसागर रिकामा झाला की दिवस पुन्हा मूळ मापाचा होतो हे ऐकून तिसरा उसासला. “दुष्काळात दिवस सरत नाही म्हनायचो आम्ही. तुमचं शास्तर उलटंच सांगायलंय.”

खरा धोका वेगळाच आहे आणि तो वरच्या लोकांच्या अजून लक्षात आलेला नाही. नाशिक आणि नगरची धरणं भरलेली, जायकवाडी अर्धं, असा प्रसंग आला की १५ ऑक्टोबरचा साठा बघायचा, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं मेंढेगिरी समितीचं सूत्र आहे. त्यावरून मोर्चे, याचिका, स्थगित्या सगळं यथासांग होतं. आजवर वरच्यांचं म्हणणं ऊस जळेल, द्राक्षं जळतील, पाणी वाटेत मुरेल एवढंच असायचं. नाशिक पैठणच्या उत्तरेला आहे. गंगापूर धरणातून पाणी पैठणला आलं की ते आसापासून आणखी लांब जातं आणि पृथ्वी आणखी मंदावते. ‘सदर विसर्गामुळे ग्रहाच्या परिवलनावर विपरीत परिणाम होणार असल्याने’ अशी याचिका एखाद्या हुशार वकिलाला सुचू नये म्हणून ही गोष्ट आपल्यातच राहू द्यावी.

वेगाचं हे झालं. नकाशाचं दुखणं जास्त खोल आहे, आणि त्याची सुरुवात धरणाच्या नावापासून होते. जायकवाडी हे गाव आहे बीड जिल्ह्यात. मूळ योजना धरण तिथे बांधायची होती. नंतर जागा बदलून पैठणला आली, कितीतरी किलोमीटर वर, पण कागदोपत्री नाव पडलं होतं ते पडलं. धरण सरकलं, नाव सरकलं नाही. शुक्राची दिशा बदलायला निघालेल्यांनी हे प्रकरण आधी अभ्यासावं. ग्रह उलटा फिरवता येईल, फाईलवर एकदा चढलेला ‘विषय’ फिरवता येत नाही.

उलटही घडतं. शहागड स्वतः इंचभर हललं नाही, पण त्याचा पत्ता पाहा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. जिल्हा तोवर औरंगाबाद. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि गाव तिकडे गेलं. पुढे औरंगाबादचंही नाव बदललं. माझ्या ओळखीत एक आजी होत्या, त्या एकाच घरात, एकाच ओट्यावर बसून आयुष्यात चार राज्यं आणि दोन जिल्हे फिरल्या. ग्रहाला एवढी गिरकी कुठून जमायची?

ध्रुवांची हालचाल याच्यापुढे पोरखेळ वाटते, पण ती मोजलेली आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केलं की १८३५ ते २०११ या काळात बांधलेल्या जवळजवळ सात हजार धरणांमुळे ध्रुव एक मीटरहून थोडा जास्त सरकला, आणि समुद्राची पातळी २१ मिलिमीटर खाली राहिली. त्याआधी २०२३ मध्ये कोरियातल्या की-वॉन सो यांच्या चमूने जमिनीखालून उपसलेल्या पाण्याचा हिशेब दिला होता. १९९३ ते २०१० एवढ्या काळात माणसाने २,१५० अब्ज टन पाणी वर काढलं आणि त्यापायी उत्तर ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर सरकला. कुठल्या दिशेला? ६४ अंश पूर्व रेखांशाच्या दिशेला. शहागड पावणेशहात्तरच्या आसपास. म्हणजे जवळपास आपल्याच रोखाने! इतक्या बोअर मारल्या की उत्तर ध्रुव स्वतः पाहणीला निघाला. दुष्काळाच्या पाहणीला पथकं उशिरा येतात, पंचनामा होईपर्यंत कापूस वेचून झालेला असतो, पण ध्रुवाने वर्षाला चार सेंटीमीटरचा वेग सातत्याने राखला. या अभ्यासात उपशाचा मोठा मान वायव्य भारताला आणि अमेरिकेच्या पश्चिम भागाला दिला आहे. तामिळनाडूच्या बोअरच्या गाड्या रात्रंदिवस खडखडवत आपण पाचशे, सातशे फूट गेलो, त्यातल्या कित्येकदा नुसता फुफाटा निघाला, हे जमेस धरलेलं दिसत नाही. पाणी न लागलेल्या बोअरने ध्रुव हलत नाही, एवढाच काय तो नियम.

ध्रुव मीटरभर सरकला तरी जगात कुणीही हरकत घेतली नाही, हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. शहागडात बांध वीतभर सरकून दाखवा. भावकी दोन पिढ्या बोलायची बंद होते, मोजणीचे पैसे भरले जातात, साधी नको तातडीची म्हणून अर्ज होतो, भूकरमापक येतो, शेजारी गैरहजर राहतो, पुन्हा तारीख पडते. ध्रुवाला मालक नाही, लगतचा खातेदार नाही, चतुःसीमा नाहीत. म्हणूनच तो इतक्या मोकळ्या मनाने हिंडतो.

आणि हे दोन्ही प्रकार एकमेकांपासून लांब आहेत असं समजू नका. हल्ली मोजणीला साखळी नाही, रोव्हर येतो. बांबूसारख्या काठीवर पांढरी टोपी, ती उपग्रहांशी बोलते आणि खुणेचा दगड कुठे रोवायचा ते सांगते. उपग्रह आकाशात आपल्या वाटेने फिरत असतात आणि खाली पृथ्वी आपल्या वेगाने. या क्षणी पृथ्वी किती वळलेली आहे हे बिनचूक माहीत असल्याशिवाय उपग्रहाला तुमचा बांध सापडणं शक्य नाही. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याची रोजची नोंद ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहे. ती जगभरच्या दुर्बिणींनी लांबलांबच्या तेजोगोलांकडे बघत दिवसाची लांबी तपासत असते. ५ जुलै २०२४ चा दिवस तिला दीड मिलिसेकंदाहून जास्त आखूड सापडला. आता शहागडच्या वेगाने गुणा. एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे ४४ सेंटीमीटर. एक हात! तो एक हात, ज्याच्यासाठी दोन चुलत भाऊ अंबडच्या कोर्टात पंधरा पंधरा वर्षं चकरा मारतात. “बांध मी कोरला नाही, पृथ्वी जोरात फिरली” हा बचाव अजून कुणी घेतलेला नाही, पण पोरं शिकायला लागली आहेत.

घड्याळ आणि पृथ्वी यांचं भांडण मिटवायला अधूनमधून एक जादा सेकंद घालायची रीत १९७२ पासून आहे. आजवर सत्तावीस वेळा घातला. शेवटचा घातला तो आपल्याकडच्या १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, साडेपाचला. रात्रीच्या थ्री फेजवर गव्हाला पाणी देणाऱ्याने तो सेकंद कुडकुडत काढला आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. आता २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करायचं ठरलं आहे. पृथ्वीने मागेपुढे केलं तरी घड्याळ दुर्लक्ष करणार. शहागडला याची सवय आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी रेखांशावर, त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथला सूर्य माथ्यावर यायला सरासरी सत्तावीस मिनिटं बाकी असतात. कार्यक्रम बाराचा असेल तर लोक साडेबाराला येतात, ते सूर्याप्रमाणे वेळेवरच असतात.

समजा सगळं सोडून पृथ्वीच थांबवली तर? त्याचाही नकाशा तयार आहे. एस्री या नकाशांच्या कंपनीतल्या विटोल्ड फ्राचेक यांनी २०१० मध्ये तो काढला. पृथ्वी फिरते म्हणून तिचं पोट सुटलेलं आहे. ध्रुवापेक्षा विषुववृत्ताची त्रिज्या २१ किलोमीटरने जास्त, आणि तिथला समुद्र त्या फिरण्यामुळेच तिथे तरून राहिला आहे. फिरणं हळूहळू बंद पडलं तर समुद्र दोन्ही ध्रुवांकडे ओघळेल. कॅनडा, युरोपचा बराच भाग, रशिया पाण्याखाली. मधोमध पृथ्वीला पट्ट्यासारखा वेढा घालणारा एकच कोरडा खंड. त्यात भारत आला, भारतात मराठवाडा आला.

हा नकाशा मी टपरीवर मोबाईलमध्ये दाखवला. म्हातारबांनी चष्मा पुसला, निळा रंग कुठे कुठे आहे ते बोटाने चाचपलं, मोबाईल उलटा करून पाहिला.

“म्हंजे आख्खा समुद्र उठून गेला,” ते म्हणाले, “रशियाला पुरला, कॅनडाला पुरला, अन् आपल्याला टँकरच?”

“तसंच दिसतंय बाबा.”

“मंग ते नाशिकवाल्यानंच काढेल आसंल.”

शुक्राचा नकाशा मात्र आपल्यासाठी एवढा परका नाही. मॅगेलन यानाने १९९० पासून चार वर्षं रडारने तो चाचपून काढला, आणि तिथल्या खाणाखुणांना बायकांची नावं द्यायची जगाची रीत आहे. जवळजवळ सगळा ग्रह बायकांच्या नावावर! सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं म्हटलं की ज्यांना घाम फुटतो त्यांनी ही ग्रहाची फेरफार नोंद जरूर पाहावी. त्यात एका विवराचं नाव आहे जोशी, आनंदीबाईंवरून. एक मेधावी, म्हणजे पंडिता रमाबाई. एक झिराड, मुंबईच्या डॉक्टर जेरुशा झिराड यांच्यावरून. आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला निघाल्या तेव्हा समुद्र ओलांडण्यावरून केवढा गहजब झाला होता. आता त्यांच्या नावाचं चौतीस किलोमीटर रुंदीचं विवर अशा ठिकाणी आहे जिथे ओलांडायला समुद्रच नाही, आणि नावं ठेवणारे यायला तयार नाहीत.

टपरीवर एक मास्तरही होते, ते इतका वेळ पेपर वाचत होते. शुक्र वहितीखाली आणायचा तर रीतसर प्रक्रिया काय, हा मुद्दा त्यांनीच काढला. परिवलनात बदल करायचा म्हणजे आधी जाहीर प्रगटन निघालं पाहिजे. ग्रहाचा गट नंबर, प्रस्तावित वेग, सूर्योदयाची सध्याची दिशा पश्चिम, बदलानंतरची दिशा पूर्व, बाधित विवरांची यादी, आणि खाली नेहमीचं वाक्य की कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. तीस दिवस कुठले, हा प्रश्न लगेच आला. ग्रह तिकडचा तर दिवसही तिकडचेच धरावे लागणार, असा निवाडा मास्तरांनी दिला. म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. जुन्या नकला काढायच्या, वारस लावायचे, दोन्ही भावांच्या सह्या जमवायच्या, एवढ्याला ही मुदत पुरेल असं सगळ्यांचं मत पडलं. फक्त शेवटच्या दिवशी सर्व्हर डाऊन असू नये, आणि असलाच तर तो एकशेसतरा दिवस तसाच राहील, एवढी एक शंका टपरीवरच्या पोराने चहाचे पेले उचलता उचलता काढली.